उभ्यानं की बसून? मोहदरीचा चढ आणि सायकलवाल्यांचा न मिटणारा वाद

रविवारी पहाटे नाशिकरोडहून सिन्नरकडे निघालेली सायकलवाल्यांची टोळी शिंदे, पळसे मागं पडेपर्यंत गप्पा मारत असते. मोहदरी घाटाचा चढ पायांना लागला, की गप्पा आपोआप थांबतात आणि टोळीत दोन पंथ पडतात. काही जण सीट सोडत नाहीत. मान खाली घालून, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखे एका लयीत पाय फिरवत राहतात. काही जण पहिल्याच वळणाला सीटवरून उठतात, हँडल घट्ट धरतात आणि सायकल डावी-उजवीकडे झुलवत पुढं निघून जातात. वर माळेगावच्या औद्योगिक वसाहतीपाशी चहाला सगळे पुन्हा एकत्र येतात, आणि मग सुरू होतो तो वाद: चढ बसून काढावा की उभ्यानं?

वरवर पाहता हा हौशी लोकांचा वाद आहे. पण त्याच्या तळाशी शरीरशास्त्र आहे, दातेरी चक्रांचं गणित आहे, युरोपातल्या शर्यतींचा इतिहास आहे आणि आपल्याकडच्या गरीब सायकलीची कहाणीही आहे. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. अडचण इतकीच, की प्रत्येक जण आपापल्या सायकलीचा पुरावा दुसऱ्याच्या सायकलीला लावतो. म्हणून हे सगळं एकदा ओळीनं मांडून पाहायला हवं.

आधी उभे राहिलो, मग बसलो

आपल्याकडची आधीची पिढी सायकल शिकली ती उभ्यानंच. घरात सायकल एकच, वडिलांची किंवा काकांची, बावीस किंवा चोवीस इंची. तिची सीट पोराच्या छातीला लागायची. मग दांडीखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडं घालायचा, शरीर एका बाजूला लटकवायचं आणि हाफ पायडल मारत गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. उंची वाढली, की दांडीवरून पाय टाकून फुल पायडल. तेही उभ्यानंच, कंबर दांडीच्या दोन्ही बाजूंना हेलकावत. सीटवर बसणं ही शेवटची बढती. त्यामुळं आपल्या मनात बसणं म्हणजे मोठं होणं आणि उभं राहणं म्हणजे पोरकटपणा किंवा नाइलाज, असं समीकरण बसून गेलं.

नाइलाजाचा भाग मात्र खरा होता. दुधाच्या किटल्या लावलेली, डबा अडकवून कारखान्याच्या पाळीला निघालेली किंवा मागं पोतं बांधलेली ती काळी सायकल एकाच गिअरची. तिचा हिशेब मांडून बघा. पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४ मीटर पुढं जाते. ताशी १० किलोमीटर वेगानं चढायचं, तर मिनिटाला जेमतेम ३१ फेरे पडतात. स्वार ६२ किलोचा, सायकल २३ किलोची आणि चढ पाच टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर चालीला पाच मीटर उंची, असं धरलं तर पायडलवर सरासरी २५ किलोचा दाब सतत लागतो. हा दाब पूर्ण फेऱ्यात सारखा नसतो. वरच्या आणि खालच्या टोकाला तो जवळजवळ शून्यावर येतो, म्हणून मधल्या जोराच्या क्षणी तो सरासरीच्या दुपटीला, ५० किलोच्या घरात जातो. चढ सात टक्क्यांचा झाला, की ६२ किलोच्या माणसाला आपलं अख्खं वजन पायडलवर टाकावं लागतं. अख्खं वजन टाकणं म्हणजेच उभं राहणं. वर पोत्याचा बोजा असेल तर तेवढ्यानंही भागत नाही. उतरून ढकलावंच लागतं.

म्हणजे दूधवाल्याला 'उभ्यानं की बसून' हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्याच्यापुढं प्रश्न होता तो 'उभ्यानं की उतरून' हा. बसून घाट चढण्याची मुभा गिअरनं दिली.

गिअरनं काय बदललं

हाच चढ आता गिअरच्या सायकलीवर घेऊ. पुढं ३४ दात, मागं ३२. एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच पुढं सरकते, पण त्याच ताशी १० च्या वेगाला मिनिटाला ७५ फेरे पडतात आणि पायडलवरचा सरासरी दाब नऊ-दहा किलोवर येतो. चढ तोच, माणूस तोच, वेग तोच. प्रत्येक फेऱ्याचं ओझं मात्र निम्म्याहूनही कमी. एवढ्या दाबासाठी कुणाला उभं राहायची गरज पडत नाही.

ही सोय शर्यतवाल्यांनाही सहज मिळाली नव्हती. टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजचे मोठे घाट १९१० सालीच आले, पण चालत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. त्याआधी स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चेन चढवून पुढं निघायचे. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटायची. आपल्याकडं आजही सात-आठ गिअरची सायकल घेऊन 'मी मोठ्या गिअरवरच घाट काढतो' असं सांगणारे भेटतात. ते नकळत देग्रांजचेच वारस आहेत.

चढाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. सपाटीवर ताशी ३० च्या वेगानं जाताना आपल्या ताकदीचा जवळजवळ चार पंचमांश भाग हवा कापण्यात जातो. म्हणून तिथं उभं राहणं म्हणजे छाती उघडी टाकून वाऱ्याला बोलावणं. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी १० च्या वेगाला हवेचा वाटा जेमतेम विसावा उरतो आणि बाकी बहुतेक सगळं जातं गुरुत्वाकर्षणाला. उभं राहण्यातला सर्वांत मोठा तोटा घाटात असा आपोआप गळून पडतो. मग उरतो एकच प्रश्न: उभं राहिल्यावर शरीराला त्याची किंमत काय पडते?

प्रयोगशाळेचं म्हणणं

या प्रश्नावर तीसेक वर्षं प्रयोग होत आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष वाटतात तेवढे परस्परविरोधी नाहीत.

तानाका आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शर्यतीतले सायकलपटू चार आणि दहा टक्क्यांच्या चढावर तपासले. सौम्य चढावर उभं राहिलं, की हृदयाचे ठोके वाढतात, असं दिसलं. दहा टक्क्यांवर चित्र पालटलं. तिथं उभ्या स्वारांना पायांवरचा ताण उलट कमी जाणवत होता. ग्रेग्वार मिले आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कसलेल्या सायकलपटूंना सव्वापाच टक्क्यांच्या खऱ्या रस्त्यावर चढवलं. शरीरानं जाळलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा पायडलपर्यंत पोचते, हे त्यांनी मोजलं. बसून काय आणि उभ्यानं काय, हे प्रमाण सारखंच निघालं, सुमारे २२ टक्के. उभ्यानं चढताना ठोके आणि श्वास मात्र वाढले. त्याच अभ्यासात तीस सेकंदांच्या जीव तोडून केलेल्या जोरात उभ्या स्वारांनी बसलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त ताकद काढली.

२००८ मध्ये हान्सेन आणि वाल्डेलांड यांनी दहा टक्क्यांच्या चढावर नेमका सांधा शोधला. स्वाराच्या कमाल प्राणवायू-क्षमतेला जेवढी ताकद निघते, तिच्या सुमारे ९४ टक्क्यांपर्यंत बसणं फायद्याचं किंवा निदान बरोबरीचं. त्यापुढं उभं राहणारा जास्त वेळ टिकतो. साध्या भाषेत सांगायचं, तर दोन शब्द बोलता येतील एवढा दम शिल्लक असेपर्यंत बसा. बोलणं तुटलं, छाती भात्यासारखी चालू लागली आणि तरीही वेग टिकवायचाच असेल, तर उठा.

हे असं का होतं, याचं उत्तर शरीराच्या बांधणीत आहे. बसल्यावर वरच्या धडाचं बरंचसं वजन सीट पेलते, पाय फक्त फिरवायचं काम करतात. उठल्यावर तोच भार पाय, हात, कंबर आणि पाठीवर येतो, आणि हे जास्तीचे स्नायूही प्राणवायू मागतात. बदल्यात शरीराचं वजन थेट पायडलवर पडतं. कॉल्डवेल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पायडलवरचा दाब मोजला, तेव्हा उभ्या स्वाराचा दाब जास्त भरला आणि त्याचा कळस फेऱ्यात उशिरा, पायडल बरंच खाली गेल्यावर आला. म्हणजे स्नायूंच्या जोराला वजनाची साथ मिळते. हँडल आळीपाळीनं ओढण्यानं आणि सायकल झुलवण्यानं या दाबाला आधार मिळतो. फ्रेंच लोक उभ्यानं चढण्याला 'नर्तकीसारखं चढणं' म्हणतात, ते या झुलण्यामुळंच.

नाशिककरांना ही गोष्ट समजवायला एक घरचा दाखला पुरेल. कसारा घाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे. गाडी कसाऱ्याला थांबते, मागून बँकर इंजिन लागतं, गाडी वर इगतपुरीला येते आणि बँकर सुटतं. उभं राहणं हे सायकलस्वाराचं बँकर आहे. खड्या चढावर ते कामी येतं, पण त्यालाही इंधन लागतं. ते लावून मनमाडपर्यंत कुणी जात नाही.

शर्यतीतली दोन घराणी

गाण्यात असतात तशी चढातही घराणी आहेत. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं टूर द फ्रान्स जिंकणारा स्पेनचा मिगेल इंदुराईन उंचापुरा, वजनानं ८० किलोच्या आसपास. तो घाट बसून, संथ ताकदीनं काढायचा. त्याच्या नंतर आला इटलीचा मार्को पंतानी, अंगानं अगदी हलका. हँडलचा खालचा बाक पकडून, उभ्यानं तो मैलच्या मैल चढायचा. १९९८ मध्ये एकाच वर्षी इटली आणि फ्रान्सच्या दोन्ही मोठ्या शर्यती त्यानं जिंकल्या. स्पेनचा अल्बेर्तो कोंतादोरही उभ्यांचाच. पण १४ जुलै २०१३ रोजी माँ व्हाँतू पर्वतावर ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमनं त्याच कोंतादोरला सीटवरून न उठता, नुसते पाय भिरभिरवून मागं टाकलं.

या उदाहरणांतून एक धागा हाती लागतो. वजन जास्त, तर उभं राहिल्यावर पेलायचं ओझंही जास्त. म्हणून भारी अंगाचे बसतात आणि पाखरासारखे हलके उभे राहतात. पण या नियमाला फ्रूमसारखा सडपातळ माणूसही छेद देतो. लुसिया आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्यावसायिक सायकलपटूंचे फेरे मोजले, तेव्हा सपाटीवर मिनिटाला नव्वदच्या आसपास असणारा केडन्स, म्हणजे पायडलच्या फेऱ्यांचा वेग, उंच घाटांत सत्तरच्या आसपास उतरलेला दिसला. जगातले सर्वोत्तम पायही घाटात मंदावतात, मग आपण साठवर आलो तर लाज वाटायचं कारण नाही.

आपल्याकडची मुंबई-पुणे शर्यत बोरघाटातून जाते, आणि तिथं घाटाच्या राजाचा मान वेगळा असतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. इतक्या लांबच्या पल्ल्यात उभं राहण्याचं कारणच बदलतं. तिथं माणूस जोरासाठी उठतो तसा बुडाला आराम द्यायलाही उठतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस-तीस फेरे उभ्यानं मारले, की रक्त फिरतं, पाठ सुटते, कातडी सोलवटत नाही. हे औषध नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी करणाऱ्यालाही लागू पडतं.

सिन्नरचे रस्ते काय सांगतात

आता हे सगळं आपल्या रस्त्यांना लावून पाहू. भारतीय रस्ते महासभेच्या मानकांनुसार डोंगराळ भागात रस्त्याचा चढ सहसा पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो, खड्या डोंगरात सहाच्या आत. नाइलाज झाला तरच सात-आठपर्यंत मुभा. महामार्ग मालमोटारींसाठी बांधतात, त्यामुळं घाट नजरेला कितीही उभा वाटला, तरी महामार्गावरचा चढ बहुतेक ठिकाणी बसून काढण्यासारखाच असतो. मोहदरी याच जातीचा.

तिथं बसण्याला आणखी एक कारण आहे. पुणे रस्त्यावर दिवसरात्र मालमोटारी चालतात, आणि घाटात त्या सायकलीच्या अगदी बाजूनं रेंगाळत वर जातात. उभा स्वार सायकल झुलवतो, म्हणजे रस्त्याची जास्त रुंदी व्यापतो. मागं मोटारीचा आवाज आला, की बसून सरळ रेषेत चालवणं शहाणपणाचं. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पळशाचा मुक्काम करून सिन्नरकडं येते, तेव्हा वाट अशी भरलेली असते की बसणं आणि उभं राहणं दोन्ही सोडून पायीच चालावं.

सिन्नरच्या पूर्वेला मुसळगाव, वावीकडं जाणारा शिर्डी रस्ता जवळजवळ सपाट. तिथं हा वाद उद्भवतच नाही. समृद्धी महामार्गावर तर सायकलीला प्रवेशच नाही. खरा प्रश्न विचारतात ते दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे रस्ते. थोरल्या बाजीराव पेशव्यांचं जन्मगाव डुबेरे मागं टाकून ठाणगावकडं आणि तिथून आडवाडीला, आड किल्ल्याच्या पायथ्याशी निघालं, की गावरस्ते सुरू होतात. गावरस्ता डोंगराला वळसा घालत बसत नाही. जिथून पायवाट होती तिथूनच डांबर जातं. अशा रस्त्यावर एखादा तुकडा अचानक उभा ठाकतो, सर्वांत हलका गिअरही जड होतो आणि फेरे पन्नासच्या खाली येतात. अशा जागी उठायचं, तेवढा तुकडा काढायचा आणि पुन्हा बसायचं.

पट्टा किल्ल्याच्या बाजूच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच तिथल्या वाऱ्याचा अंदाज यावा. पाच टक्क्यांच्या चढावर ताशी १० ला साधारण १२० वॅट ताकद लागत असेल, तर समोरून ताशी २० चा वारा आला की तोच आकडा १७० च्या आसपास जातो. चढावर हवेचा हिशेब संपतो असं वर म्हटलं, ते वारा पडलेला असेपर्यंतच खरं. समोरून वारा असताना उभं राहणं म्हणजे शीड उलट्या दिशेनं लावणं. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. सिन्नरचा पूर्वभाग अवर्षणाचा, ऊन रखरखीत. चढावर वेग नसल्यानं अंगाला वारा लागत नाही, आणि उभ्यानं हृदय आधीच जास्त पळत असतं. मे महिन्यात दहानंतर मांडीपेक्षा डोकं आधी शरण येतं.

उभं राहण्यातली कला

उभं राहणाऱ्यांतले निम्मे तरी सीट खाली असल्यामुळं उभे राहतात, असं मला वाटतं. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, या आग्रहापायी आपल्याकडं सीट खाली ठेवतात. मग बसून पाय सरळ होत नाही, गुडघा दुखतो आणि चढ आला की माणूस आपसूक उठतो. टाच पायडलवर ठेवली, पायडल तळाला नेलं, की पाय सरळ झाला पाहिजे. एवढी सीट वर घेतली तरी अर्धा वाद मिटतो.

खरोखर उठायचं असेल, तर तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली: उठण्याआधी गिअर एक-दोन टप्प्यांनी जड करावा. उभ्यानं फेरे आपोआप कमी होतात आणि हलक्या गिअरवर पाय पोकळीत पडल्यासारखे धपकन खाली जातात. दुसरी: जोराचा पाय वरून खाली निघालेला असतानाच उठावं. नाहीतर सायकल क्षणभर मागं सरकते आणि मागच्याचं पुढचं चाक आपल्या चाकाला लागतं. तिसरी: कंबर पायडलच्या वर ठेवावी, हँडलवर ओणवं होऊ नये. वजन पुढं गेलं, की मागचं चाक हलकं होतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या डांबरावर किंवा खडी उखडलेल्या वळणावर ते घसरतं. अशा जागी बसूनच राहावं आणि फार उभा चढ असेल तर सीटच्या टोकाशी सरकावं.

तिसरा मार्ग

या वादात उतरून चालण्याला कुणी जागाच देत नाही. दहा-बारा टक्क्यांच्या चढावर सायकलचा वेग ताशी पाच-सहावर आला, की चालणारा माणूस जवळजवळ तेवढ्याच वेगानं जातो. शाळेच्या पोरी कॅरिअरवर मैत्रीण बसवून चढापर्यंत येतात, दोघीही उतरतात, गप्पा न तोडता सायकल वर नेतात आणि माथ्यावर पुन्हा बसतात. त्यांना कुठलाही अभ्यास वाचायची गरज पडली नाही. गिअर नसलेल्या सायकलीचं हे सर्वांत जुनं आणि सर्वांत स्वस्त गिअर.

सगळ्याचा मेळ घातला, तर हाती येतं ते असं. गिअर पुरेसे असतील आणि चढ लांब असेल, तर बसणं हा नेम आणि उभं राहणं हा अपवाद. चढ छोटा आणि खडा असेल, गिअर संपले असतील, कुणाला गाठायचं असेल किंवा बूड आखडलं असेल, तर उठावं, काम झालं की बसावं. एका गिअरच्या सायकलीला हा नियम लावू नये. तिला उभं राहणं आणि उतरणं हेच दोन पर्याय आहेत.

आणि हे पटत नसेल, तर दोन रविवार खर्च करा. मोहदरीचा पायथा ते माथा, पहिल्या रविवारी पूर्ण बसून आणि दुसऱ्या रविवारी पूर्ण उभ्यानं. गिअर सोयीचा निवडा, पण दोन्ही वेळा घड्याळाप्रमाणे वेळ सारखीच ठेवा. माथ्यावर पोचल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या उभं राहण्याचं भाडं. ते कुठं भरायचं आणि कुठं वाचवायचं, हे मग चहाच्या टपरीवर कुणाला विचारावं लागणार नाही.